ॲल्युमिनियमच्या पत्र्यातील नको असलेली भोके: अराल्डाइट आणि डाखकाडी यांचे परीक्षण

ब्रिटनमध्ये वीजकंपन्या, पाणीपुरवठा, वनखाते किंवा लष्कर यांच्या सेवेतून बाहेर पडलेली लँड रोव्हर डिफेंडर जो कोणी विकत घेतो, त्याला पहिल्या आठवड्यातच त्या गाडीवरची भोके मोजावी लागतात. टपावर फिरता दिवा बसवलेला असतो, पंखावर म्हणजे पुढच्या चाकावरच्या मडगार्डवर रेडिओची एरियल असते, बाजूला शिडीचे कंस असतात, मागच्या दारावर कंपनीची पाटी असते, आणि गाडी विकण्यापूर्वी हे सारे काढून घेतले जाते. मागे उरतात ती स्क्रूची तीन-चार मिलिमीटरची भोके, बोल्टांची आठ-दहा मिलिमीटरची, एरियलची वीस-पंचवीस मिलिमीटरची, आणि कोणी स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) बसवून काढला असेल तर पंखाच्या कडेला सत्तर-ऐंशी मिलिमीटरचे एक मोठे खिंडार. बर्मिंगहॅमच्या परिसरात राहणाऱ्या आणि अशीच एक निवृत्त डिफेंडर ११० वापरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही भोके बुजवण्याचे काम टाळता येत नाही, कारण पाऊस तेथूनच आत येतो आणि आसनाखालच्या वायरिंगपर्यंत पोहोचतो.

पत्रा लोखंडाचा असता तर गल्लीतल्या कोणत्याही गॅरेजने मिग वेल्डिंगचे चार ठिपके देऊन हे काम संपवले असते. परंतु लँड रोव्हरचा पत्रा पहिल्यापासून ॲल्युमिनियमचा आहे. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादावर नियंत्रण होते आणि ॲल्युमिनियम तुलनेने सहज मिळत होते. म्हणून रोव्हर कंपनीने सांगाडा आणि चालकासमोरची आडवी भिंत पोलादाची ठेवली, पण बाहेरचे बहुतेक पत्रे ‘बर्माब्राइट’ या मिश्रधातूचे केले. बर्मिंगहॅमच्याच बर्मेटल्स कंपनीचा हा धातू म्हणजे ॲल्युमिनियममध्ये थोडेसे मॅग्नेशियम, लँड रोव्हरच्या पत्र्यांत साधारण दोन टक्के. जुनी डिफेंडर सॉलिहलच्या कारखान्यातून २९ जानेवारी २०१६ रोजी शेवटची बाहेर पडली. कंपनी त्याआधी, २००८ साली, टाटा मोटर्सकडे आलेली होती, आणि त्यामुळेच या भागात कामानिमित्त येऊन राहिलेली मराठी कुटुंबे आज बरीच आहेत. त्यांपैकी काही जणांना या गाड्यांचा छंद लागतो. हे परीक्षण प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे, आणि महाराष्ट्रात ॲल्युमिनियमच्या बॉडीचे वाहन सांभाळणाऱ्यांनाही त्यातले बरेच काही लागू पडेल.

ॲल्युमिनियमची अडचण त्याच्या पृष्ठभागापासून सुरू होते. घासून चकचकीत केलेला पत्रा हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर धातूचे रक्षण करतो, पण त्याच्यावर डाख धरत नाही, रंग नीट धरत नाही आणि चिकटद्रव्यही कालांतराने सुटते. मूळ मिश्रधातू साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, तर त्याच्यावरचे ऑक्साइड वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे वरची साय तशीच राहून खालचा धातू ओघळतो, असा प्रकार ज्योतीखाली सहज घडतो. शिवाय लोखंड तापताना जसे लाल होते तसा ॲल्युमिनियमचा रंग बदलत नाही, म्हणजे डोळ्यांना पूर्वसूचना मिळत नाही. आणि हा धातू उष्णतेने लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. एक मीटर लांबीचा पत्रा चाळीस अंशांनी तापला की जवळपास एक मिलिमीटर वाढतो, रात्री पुन्हा आकसतो, आणि भोकात भरलेली जी काही वस्तू असेल तिच्या कडेवर हा ताण रोज येत राहतो.

याच कारणामुळे पॉलिएस्टरची साधी लांबी (पुट्टी) थेट भोकात भरणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, आणि जुन्या गाड्यांवर नेमका तोच सर्वाधिक आढळतो. मागून आधार नसलेली लांबी भोकाच्या पातळ कडेलाच काय ती चिकटलेली असते. तिच्यातली शंखजिऱ्याची पूड मागच्या बाजूने ओल शोषते, एक-दोन हिवाळ्यांत रंगाखाली गोल फोड येतो, आणि मग बोटाने दाबल्यावर ती चकतीसारखी आत पडते. लांबी हे पृष्ठभाग सपाट करण्याचे साहित्य आहे, भोक बुजवण्याचे नव्हे. एवढा एक भेद गॅरेजवाल्यांनी पाळला असता तरी निम्म्या गाड्यांची दुर्दशा टळली असती.

मग घरच्या घरी, वेल्डिंगच्या यंत्राशिवाय, काय करता येते? या प्रश्नाला बाजारात मुख्यतः दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची, कमी तापमानाला वितळणारी डाखकाडी, जी जत्रांमधल्या प्रात्यक्षिकांमुळे आणि चित्रफितींमुळे फार लोकप्रिय झाली आहे. दुसरे म्हणजे दोन नळ्यांमधले, मिसळून लावायचे इपॉक्सी चिकटद्रव्य, ज्यात मी अराल्डाइटचा संथ वाळणारा ‘स्टँडर्ड’ प्रकार निवडला. दोन्ही साहित्ये प्रथम भंगारातून आणलेल्या एका डिफेंडरच्या पंखावर वापरून पाहिली आणि नंतरच गाडीला हात लावला. ज्याला हे काम करायचे आहे त्याने भंगाराचा तुकडा अवश्य मिळवावा, विशेषतः डाखकाडी वापरायची असेल तर.

डाखकाडीविषयी आधी. ती साधारण ३८० ते ३९० अंशांना वितळते, म्हणजे पत्रा वितळण्याच्या बऱ्याच अलीकडे, आणि तिला फ्लक्स (ऑक्साइड काढणारे द्रव्य) लागत नाही. पत्रा स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने चकचकीत घासायचा, गॅसच्या टॉर्चने काडी न तापवता पत्राच तापवायचा, आणि काडी पत्र्यावर टेकवल्यावर ती पत्र्याच्या उष्णतेने वितळली पाहिजे. वितळलेला थेंब पसरला की त्याच्याखालीच ब्रशने किंवा स्टेनलेसच्या टोकदार सळीने पत्रा खरवडायचा. यामुळे द्रवाखाली ऑक्साइड फुटते आणि हवा न लागता नवा धातू डाखेला भेटतो. ही पायरी वगळली तर वरून सुंदर दिसणारा डाख नखाने उचलून येतो. ती नीट झाली तर मात्र जोड खरोखर धातूचा होतो, त्यावर कानस चालते, भोक पाडता येते, आटे पाडता येतात, आणि त्याचा कठीणपणा मूळ पत्र्यापेक्षा किंचित अधिकच जाणवतो.

तीन-चार मिलिमीटरच्या स्क्रूच्या भोकांसाठी, आणि तीही घडीजवळ किंवा कोपऱ्यावर असतील तर, डाखकाडीचे काम मला मनापासून आवडले. तेथे पत्र्याला आकार असतो, त्यामुळे तो उष्णतेने वाकत नाही. मागे स्टेनलेसची एक पट्टी धरली की थेंब खाली गळत नाही, आणि गार झाल्यावर पट्टी सहज सुटते. ओतीव भागांवर, उदाहरणार्थ एखाद्या जाड कंसाचा तुटलेला कान जोडण्यासाठी, ही काडी याहूनही उपयोगी आहे.

सपाट पत्र्यावर मात्र तिची शिफारस मी करणार नाही, आणि याचे कारण काडीच्या दर्जात नसून पद्धतीतच आहे. डिफेंडरच्या पंखाचा वरचा भाग किंवा बाजूचा मोठा पत्रा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड आहे. ॲल्युमिनियम उष्णता इतक्या वेगाने वाहून नेते की भोकापाशी ३९० अंश मिळवण्यासाठी हातभर पत्रा तापवावा लागतो. तेवढा भाग फुगतो, भोवतालचा गार पत्रा त्याला बाहेर सरकू देत नाही, आणि गार झाल्यावर मधोमध एक असा फुगवटा राहतो की तळहाताने दाबला तर ‘टक्’ आवाज करून आत जातो व सोडला की बाहेर येतो. याखेरीज पत्र्याला कारखान्यात लाटून जो कणखरपणा दिलेला असतो तो या तापमानाला निघून जातो. तापलेला भाग मऊ पडतो आणि पुढे कोपर टेकल्यानेही पोचतो. आजूबाजूचा रंग जळतो, मागचे ध्वनिरोधक डांबर वितळते, आणि टाकीच्या किंवा वायरिंगच्या जवळ ज्योत नेण्याचा धोका तर आहेच. प्रात्यक्षिकांत नेहमी पेयाचा डबा किंवा तळहाताएवढा तुकडा वापरलेला दिसतो. तेवढ्या लहान वस्तूला ताणाचा प्रश्नच येत नाही, म्हणून पाहणाऱ्याला हा दोष कळत नाही. जस्ताचे प्रमाण अधिक असल्याने खारट ओलीत डाख पत्र्याच्या आधी झिजतो, हेही ध्यानात ठेवावे. येथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे डाख उघडा ठेवता येत नाही.

आता अराल्डाइट. महाराष्ट्रात हे नाव घराघरांत ठाऊक आहे, पण त्या नावाचे मूळ केंब्रिजजवळच्या डक्सफर्डमध्ये आहे, हे कमी जणांना माहीत असते. तेथे नॉर्मन डी ब्रुइन यांच्या एरो रिसर्च या कंपनीने १९४१ मध्ये ‘रिडक्स’ हे धातू चिकटवणारे द्रव्य तयार केले. डी हॅव्हिलँड हॉर्नेट या विमानात लाकूड आणि ॲल्युमिनियम जोडण्यासाठी ते वापरले गेले. अराल्डाइट त्याच कंपनीच्या नावाने पुढे बाजारात आले. म्हणजे ॲल्युमिनियमला चिकटद्रव्याने जोडणे ही काटकसरीची तडजोड नाही. विमानबांधणीत ऐंशी वर्षांपासून रुळलेली ती पद्धत आहे, आणि तेथे जे नियम पाळले जातात ते पाळले तर गाडीच्या पत्र्यावरही ती टिकते.

पहिला नियम असा की चिकटद्रव्याने भोक भरायचे नाही, धातूने भरायचे, आणि चिकटद्रव्याने तो धातू धरून ठेवायचा. वाळलेले इपॉक्सी ॲल्युमिनियमच्या दुपटीहून अधिक फुगते. वीस मिलिमीटरच्या भोकात नुसते इपॉक्सी ओतले तर ते पडणार नाही, पण उन्हात त्याची गोल कड रंगातून वर उमटेल आणि सायंकाळी नाहीशी होईल. म्हणून मी प्रत्येक मोठ्या भोकासाठी दोन तुकडे कापले. एक चकती, भोकात जेमतेम बसेल अशी आणि पत्र्याच्याच जाडीची. आणि दुसरा मागे लावायचा तुकडा, जो भोकाच्या कडेपासून सर्व बाजूंनी किमान वीस मिलिमीटर पुढे जाईल. दोन्हींसाठी भंगारातल्या पंखाचाच पत्रा वापरला, त्यामुळे मिश्रधातू आणि जाडी यांचा प्रश्न उरला नाही. तसा पत्रा मिळाला नाही तर ५२५१ या क्रमांकाचा, अर्धकठीण प्रकारातला पत्रा घ्यावा, तो बर्माब्राइटच्या सर्वांत जवळचा आहे. पोलादाचा तुकडा मागे लावणे कटाक्षाने टाळावे. दोन भिन्न धातू ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते, आणि डिफेंडरच्या दारांच्या खालच्या कडा जी पांढरी भुकटी होऊन गळतात त्यामागे हेच कारण आहे. दाराची चौकट पोलादाची आणि वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा अशी ती रचना आहे.

जुन्या भोकांच्या कडेलाही ही पांढरी भुकटी बहुधा सापडतेच, कारण पूर्वी तेथे लोखंडी स्क्रू बसलेले असतात. ती पूर्ण निघेपर्यंत, खालचा चकचकीत धातू दिसेपर्यंत, कड कानसीने मागे न्यावी लागते. भोक त्यामुळे मोठे होते, आणि होऊ द्यावे. पाच मिलिमीटरचे कुजलेले भोक राखण्यापेक्षा नऊ मिलिमीटरचे स्वच्छ भोक बुजवणे सोपे आहे. कानस, ब्रश आणि पॉलिश पेपर या कामासाठी वेगळे ठेवावेत. लोखंडावर वापरलेल्या ब्रशमधले कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि रंगाखाली तेथूनच झीज सुरू होते. ग्राइंडर वापरल्यास ॲल्युमिनियमची पूड आणि गंजाची पूड एकत्र साचू देऊ नये, कारण ते मिश्रण ठिणगीने भयानक तापमानाला पेटते.

घासण्याची वेळ हा सगळ्या कामाचा गाभा आहे. पत्रा प्रथम ॲसिटोनने पुसून तेलकटपणा घालवावा, नंतर ८० क्रमांकाच्या पेपरने आडवा-उभा खरवडावा, आणि पुन्हा पुसावा. आधी घासून नंतर पुसले तर तेल ओरखड्यांत शिरते, म्हणून क्रम महत्त्वाचा. यानंतर नौका दुरुस्त करणारे लोक जी युक्ती वापरतात ती मी उचलली, आणि तिच्यामुळे फरक पडतो अशी माझी खात्री झाली आहे. मिसळलेल्या अराल्डाइटचा पातळ थर पत्र्यावर लावायचा आणि तो ओला असतानाच त्याच्यातून पॉलिश पेपरने किंवा स्टेनलेसच्या ब्रशने पुन्हा घासायचे. डाखकाडीत थेंबाखाली जे खरवडणे होते तेच येथे थंड अवस्थेत होते: नवा धातू उघडा पडतो तो थेट इपॉक्सीत, हवेत नव्हे. भंगाराच्या पंखावर एक तुकडा असा आणि एक केवळ कोरडा घासून चिकटवला होता. दोन्ही उकळत्या पाण्यात ठेवून छिन्नीने उपटून पाहिले, तेव्हा कोरडा घासलेला तुकडा कडेपासून सुटत गेला, तर दुसऱ्याला उपटताना पत्राच वाकला.

मागचा तुकडा धरून ठेवण्याचा प्रश्न पुष्कळांना अडवतो. जेथे मागे हात पोहोचतो तेथे दोन जोरदार चुंबक पुरतात. ॲल्युमिनियम चुंबकाला धरत नसले तरी पत्रा पातळ असल्याने बाहेरचा आणि आतला चुंबक एकमेकांना आरपार ओढतात आणि मधली थप्पी घट्ट दाबली जाते. चुंबक आणि काम यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद ठेवावा, नाहीतर चुंबकही कायमचे चिकटतील. फार दाबूही नये, कारण सगळे चिकटद्रव्य बाहेर पिळून गेले तर जोड उपाशी राहतो. दोन पृष्ठभागांमध्ये कागदाच्या जाडीएवढा थर उरायला हवा. मागे हात जात नसेल, जसे दाराच्या पोकळ भागात, तर मागचा तुकडा गोल न कापता लांबट पट्टी कापावी, तिची रुंदी भोकापेक्षा कमी ठेवावी, मधोमध एक तार ओवावी, आणि पट्टी तिरकी आत सोडून तारेने मागे ओढून धरावी. बाहेर एक लाकडी काडी आडवी ठेवून तार तिच्यावर पीळ देत आवळली की पट्टी हलत नाही. दुसऱ्या दिवशी तार कापून चकती बसवता येते.

अराल्डाइट स्टँडर्ड काम करायला तास-दीड तासाची मुभा देते, आणि अशा कामात ती मुभा अमूल्य आहे. पाच मिनिटांत धरणारा प्रकार येथे घेऊ नये. तुकडा सरळ करेपर्यंत तो घट्ट होतो, आणि पाण्याला व उष्णतेला तो संथ प्रकाराइतका टिकतही नाही. दोन्ही नळ्यांतून समान मात्रा घेऊन मिश्रणात एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत ढवळावे. प्रमाण चुकवून ‘लवकर वाळावे’ म्हणून हार्डनर वाढवणे हा गैरसमज आहे. त्याने जोड लवकर होत नाही, मऊ मात्र राहतो.

या प्रकारच्या सर्वच इपॉक्सींच्या काही मर्यादा आहेत. उभ्या पत्र्यावर ते वाळण्यापूर्वी पातळ होऊन ओघळते, म्हणून चकतीभोवतीची फट भरताना त्यात बारीक सिलिकाची पूड मिसळावी किंवा चिकटपट्टीने बाहेरून बंद करावे. पंधरा अंशांच्या खाली ते इतके संथ होते की इंग्लंडमधल्या नोव्हेंबरात उघड्यावर हे काम करणे व्यर्थ आहे. दिव्याची किंवा केस वाळवण्याच्या यंत्राची सौम्य ऊब दिली तर ते लवकर आणि अधिक मजबूत वाळते. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी उघडे इपॉक्सी पिवळे पडून भुकटते, त्यामुळे रंग आवश्यक आहे. आणि लहान नळ्यांचे दर मिलिलिटरमागे पाहिले तर ते स्वस्त नाही. मोठ्या खिंडारासाठी गाड्यांच्या पत्र्यांकरिता मिळणारे काडतुसातले पॅनल ॲडहेसिव्ह घ्यावे. त्यात काचेचे सूक्ष्म मणी असल्याने थराची जाडी आपोआप राखली जाते, मात्र त्याला खास बंदूक लागते.

उरलेल्या पर्यायांविषयी थोडक्यात. टेक्सासमधले जे-बी वेल्ड हेही दोन नळ्यांचेच इपॉक्सी आहे, पण त्यात पोलादाची पूड असते. ते घट्ट असल्याने उभ्या पत्र्यावर कमी ओघळते आणि इंजिनाजवळच्या उष्णतेला अधिक टिकते, म्हणून चालकासमोरच्या भिंतीच्या आसपास मी तेच निवडेन. पॉप रिव्हेट मारून वरून तुकडा बसवणे हे लँड रोव्हरच्या स्वभावाला धरून आहे, कारण कारखान्यानेही रिव्हेट सढळ हाताने वापरले आहेत. ज्याला दिसण्याची पर्वा नाही त्याने हा मार्ग खुशाल घ्यावा. फक्त रिव्हेट बंद टोकाचे घ्यावेत आणि खिळाही ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा असावा, नाहीतर आत राहिलेला लोखंडी खिळा गंजतो. रबरी बूच हे पुन्हा एरियल बसवण्याची शक्यता असेल तरच ठीक. टिग वेल्डिंग, ज्याला आपल्याकडे आर्गन वेल्डिंग म्हणतात, हा निर्विवादपणे श्रेष्ठ उपाय आहे, परंतु पातळ सपाट पत्र्यावर ते करणारा हात दुर्मिळ असतो. सामान्य कारागिराने केलेले टिग वेल्डिंग डाखकाडीपेक्षाही अधिक पत्रा वाकवते. ५३५६ क्रमांकाची भरणतार वापरणारा, ठिपका-ठिपका देत मधे मधे पत्रा गार करणारा आणि शेवटी ठोकळ्यावर हातोडीने ताण काढणारा कारागीर भेटला, तर स्नॉर्केलचे मोठे भोक त्याच्याकडेच न्यावे. तेवढ्या आकारासाठी त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

यांपैकी कोणताही उपाय सांगाड्यावर, आसनपट्ट्याच्या आधारावर किंवा बिजागरीच्या बोल्टांपाशी वापरू नये. तेथे भार येतो, आणि या परीक्षणातली सर्व भोके केवळ आच्छादनाची आहेत.

चकती बसून वाळली की पृष्ठभाग पत्र्यापेक्षा अगदी किंचित खोल राहावा अशी व्यवस्था करावी, म्हणजे वर लांबीचा एक पातळ हात देऊन सपाटी साधता येते. येथे लांबी आपले खरे काम करते. ॲल्युमिनियमसाठी म्हणून विकली जाणारी लांबी घ्यावी, आणि ती खरवडलेल्या उघड्या धातूवर किंवा इपॉक्सी प्रायमरवर लावावी. आम्लयुक्त ‘एच’ (etch) प्रायमर मारून त्यावर लांबी भरू नये, तिची पकड बिघडते. लांबी घासून झाल्यावर उघड्या राहिलेल्या ॲल्युमिनियमवर एच प्रायमर, त्यावर साधा प्रायमर आणि मग रंग, असा क्रम ठेवावा. माझ्या गाडीच्या पंखावर आणि टपावर हे सारे करून आता उन्हाळा आणि मिठाच्या रस्त्यांचा हिवाळा दोन्ही झाले आहेत. चकती आणि मागचा तुकडा दोन्ही असलेल्या ठिकाणी तिरप्या उजेडातही कड दिसत नाही. केवळ मागचा तुकडा लावून वरचा खड्डा इपॉक्सीने भरलेली लहान भोके मात्र उन्हाच्या दुपारी बारीक वर्तुळासारखी उमटतात. आठ मिलिमीटरपेक्षा मोठ्या कोणत्याही भोकाला चकती द्यावी असे माझे मत त्यावरूनच झाले.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांना काही गोष्टी येथल्यापेक्षा सोप्या आणि काही अवघड जातील. एस.टी.च्या ॲल्युमिनियम बॉडीच्या गाड्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथल्या कार्यशाळांत वर्षानुवर्षे बांधल्या गेल्या, त्यामुळे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि रिव्हेट यांचे काम जाणणारे हात आपल्याकडे आहेत, आणि ते ब्रिटनमधल्यापेक्षा कितीतरी सहज सापडतील. अराल्डाइटचा भारतातला व्यवसाय २०२० पासून मुंबईच्या पिडिलाइटकडे आहे आणि ते गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ऊब मुबलक असल्याने वाळण्याची चिंता नाही, उलट एप्रिल-मेमध्ये मिश्रणाची मुभा निम्म्यावर येईल, म्हणून थोडे थोडे मिसळावे आणि पहाटे काम करावे. अवघड बाब उन्हाची आहे. गडद रंगाचा टप विदर्भातल्या उन्हाळ्यात सत्तर अंशांपर्यंत तापू शकतो, आणि साध्या इपॉक्सीची पकड साठ अंशांच्या पुढे सैल पडू लागते. अशा ठिकाणी जोडावर ताण राहणार नाही इतका मागचा तुकडा मोठा ठेवावा, त्याच्या चार कोपऱ्यांवर बंद टोकाचे ॲल्युमिनियमचे रिव्हेट द्यावेत आणि टपाला पांढरा रंग द्यावा. कोकणात आणि गोव्यात खारी हवा वर्षभर असते, तेव्हा तेथे कोणत्याही उरलेल्या लोखंडी स्क्रूच्या जागी स्टेनलेसचा स्क्रू घालताना त्याच्याखाली नायलॉनचा वायसर आणि भोकाच्या कडेला प्रायमर लावणे हे भोक बुजवण्याइतकेच निकडीचे आहे.